सुई दिसत नाही

गेल्या वर्षभरात आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या कमरा मी आत घेतल्या. पूर्वी लोक दुकानात यायचे ते ओशाळून. कपडा पिशवीतून अर्धाच बाहेर काढायचे आणि हळूच म्हणायचे, "जरा सैल होईल का हो?" आता पिशवी उलटी करून चार-चार पँटी टेबलावर ओततात, आरशासमोर उभे राहतात आणि पट्टा कसा मोकळा फिरतो ते मला दाखवतात. मी तोंडात टाचण्या धरून हं हं करते. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला कौतुक करावं लागत नाही, हा आमच्या धंद्यातला मोठा फायदा.

कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच. ते इंजेक्शन. साखरेसाठी, आठवड्यातून एकदा, पोटात. वजन उतरतं ते वरकड.

आमचं दुकान म्हणजे एका खोलीत दोन धंदे. दारातून आलं की डाव्या हाताला मी आणि माझं शिलाई मशीन. सैल, घट्ट, आखूड, तुटलेली चेन बदलून. उजव्या हाताला आमचे हे आणि त्यांचं चाव्या कापायचं यंत्र. कुलपं दुरुस्त करतात, हरवलेल्या किल्ल्या करून देतात. ते यंत्र सुरू झालं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मला बोलायचं असलं की ते नेमकं सुरू होतं.

मला साखर बरीच वर्षं आहे. गोळ्यांवर चाललं होतं, म्हणजे रखडत चाललं होतं. मग डॉक्टर म्हणाले की आता गोळ्या थकल्या, एक बंद करू आणि हे इंजेक्शन चालू करू. दिवसभर सुया हाताळणारी बाई सुईला घाबरते ह्याचं ह्यांना फार हसू येतं. पण माझी सुई कापडात जाते. कापडाला काही कळत नाही.

दवाखान्यातल्या सिस्टर मोठ्या गोड. त्यांनी मला बाजूच्या खोलीत नेलं, एक पांढरं, जाडसर पेन दाखवलं आणि स्पंजच्या तुकड्यावर करून दाखवलं. "मावशी, ह्यात सुई दिसतच नाही. टोपण काढायचं, पोटाला टेकवायचं, दाबायचं, सावकाश दहा म्हणायचे. झालं. कधी एखादा थेंब बाहेर येतो, पुसून टाकायचा."

"सुई दिसत नाही?" मी दोनदा विचारलं.

"अजिबात नाही."

बाकी सगळं मी तिथल्या तिथे विसरले असेन, पण हे एक वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं. सुई दिसत नाही.

औषधाच्या दुकानात ते पेन नव्हतं. दुकानदार म्हणाला, "तसली आलीच नाहीत. हे घ्या, औषध तेच, पेन वेगळं. ह्याला सुई वरून लावायची, फिरवून. एवढाच फरक." बरोबर सुयांची एक डबी दिली. आत चादरीएवढा कागद होता आणि त्यावर मुंगीएवढी अक्षरं, सात-आठ भाषांत, आमची सोडून. मी त्याची घडी घातली. ती परत पहिल्यासारखी झाली नाही म्हणून बोळा करून टाकला.

घरी येऊन मी सुई फिरवून बसवली. टोपण काढलं. आत एक बारीक प्लॅस्टिकची नळी होती, पुढून बोथट. सुई काही दिसेना. मला सिस्टरचा असा आधार वाटला म्हणता. दिसत नाही म्हणाल्या, तशी दिसत नाही. नळी पोटाला टेकवली, डोळे मिटले, दाबलं, दहा म्हटले. डोळे उघडले. काही नाही. मुंगी चालल्याइतकंही नाही. पोटावर जरा ओल आली होती, ती पुसली.

मग काय, मी चेकाळलेच. दुकानात येईल त्याला सांगायला लागले, "छे हो, काही दुखत नाही. लोक उगाच बाऊ करतात." एक गृहस्थ पँटीची कंबर मोजून घेताना म्हणाले, "चिमटा तरी बसतोच की." मी म्हटलं, "ते तुमच्या मनाचं असतं."

ठमीलाही फोन केला. ठमी म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. तिचं हेच इंजेक्शन वर्षभर चालू आहे. दर आठवड्याला तिचा नवरा तिला टोचतो, ती रडते, मग दोन दिवस मळमळतं म्हणून त्याला बोलते. माझं ऐकून म्हणाली, "वहिनी, तुमची कातडी गेंड्याची आहे."

"आणि मळमळत पण नाही गं मला."

"पोट पण गेंड्याचं," ठमी म्हणाली आणि फोन ठेवला.

पहिले काही दिवस मला भूकही कमी लागल्यासारखी वाटली, खोटं कशाला सांगू. पण सकाळी बोटाला टोचून साखर बघावी, तर आकडा कालच्यापेक्षा वर. मग परवाच्यापेक्षा वर. सिस्टरना फोन केला तर म्हणाल्या, सुरुवातीची मात्रा लहान असते, धीर धरा. महिन्याने मात्रा वाढवली. आकडा आणखी वर. मी खाणं कमी केलं. साखर तर कधीच सोडली होती, आता बटाटा सोडला, भात सोडला, दुकानातला चारचा चहा बिनदुधाचा केला. उकडलेल्या भाज्या खाऊन खाऊन माझ्या तोंडाला उकडलेली चव आली. आणि तहान. मशीनवर बसलं की अर्ध्या चेनला उठून पाणी, उरलेल्या अर्ध्या चेनला उठून जाऊन येणं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"काकू, खरं सांगा. खाण्यात काय काय येतं?"

मी सांगितलं. सगळं, बटाट्यासकट.

"आणि मधल्या वेळेत?"

"काही नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"पाणी."

डॉक्टर हसले. वाईट नव्हे, समजूतदार हसले, आपण लहान पोराला हसतो तसे. "काकू, हे औषध असं फुकट जात नाही. आणि रिपोर्ट खोटं बोलत नाही." मग ह्यांना म्हणाले, "काका, घरात जरा तुम्ही लक्ष ठेवा. पुढच्या खेपेला असंच राहिलं तर रोजचं इन्सुलिन सुरू करावं लागेल. दिवसातून दोनदा, कदाचित जास्त."

रिपोर्ट खोटं बोलत नाही. मग खोलीत राहिलं कोण? आम्ही तिघं. त्यातले दोघं रिपोर्टच्या बाजूला बसले होते. हे गुडघ्यावर हात ठेवून मान डोलवत होते.

मला वाटलं, बाहेर आल्यावर तरी म्हणतील, "डॉक्टरला काय कळतंय, तू खात नाहीस हे मला माहीत आहे." जिन्यावर म्हणाले नाहीत. रस्त्यात म्हणाले नाहीत. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "तुझ्या मशीनच्या खणात बिस्किटाचा पुडा असतो ना?"

"त्यात खडू असतो. खुणा करायचा."

"पुडा बिस्किटाचा आहे."

"आणि आत खडू आहे. बघा उघडून."

"असू दे गं," ते म्हणाले. "मी काही म्हटलं का?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाला कुलूप. बिस्किटं, साखर, ठमीच्या पोरांसाठी आणून ठेवलेला जॅम, सगळं आत. कुलूप लहानसं, पितळी, ह्यांच्याकडच्यातलं उत्तम प्रतीचं. ते बघून तर मला जास्तच लागलं. साधं कुलूप माझ्यापुढे टिकणार नाही असं वाटलं असणार.

"हे काय?"

"कुलूप."

"ते दिसतंय. कशाला?"

"तुझ्याच भल्यासाठी."

"म्हणजे मी चोरून खाते."

"चोरून असं नाही. होतं माणसाचं. मनात नसतं, हात जातो. मी समजू शकतो ना."

कुणी चोर म्हटलं तर भांडता तरी येतं. समजून घेणाऱ्या माणसाचं काय करायचं?

"अहो, समोर बेकरी आहे," मी म्हटलं. "मला खायचंच असेल तर मी तिथे जाऊन खाईन. कपाट कशाला फोडीन?"

बेकरीचा विचार त्यांनी केला नव्हता हे मला स्पष्ट दिसलं. आता करताहेत हेही दिसलं.

"आता बेकरीला लावून या," मी म्हटलं आणि दार आपटलं. दार चांगलं, आपटलं तरी आवाज न होणारं. त्याची बिजागरीही ह्यांनीच बसवलेली.

नंतरचे आठवडे मी तोंडातल्या तोंडात बोलत काढले. दुकानात जांभई दिली तरी हे वळून बघायचे, तोंडात काय आहे म्हणून. टाचण्या आहेत, म्हणून मी दात विचकून दाखवायचे. उकडलेलं अंडं खाताना सुद्धा मला चोरी केल्यासारखं व्हायचं. एकदा तर बेकरीपाशी थांबले. इतका बोभाटा झालाच आहे तर निदान एक केक खाऊन बदनामी वसूल करावी म्हटलं. काचेत माझाच चेहरा दिसला, इतका दुखावलेला, की माझी मलाच कीव आली आणि परत आले. त्यातही राग हा की, मी परत आले हेही कुणी बघितलं नाही.

मग एका रविवारी ठमी आली. तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता आणि तिचा इंजेक्शनचा दिवस होता. पर्समधून थंड पिशवी काढली, त्यातून पेन काढलं. माझ्यासारखंच पेन, तसल्याच सुया. ते टेबलावर ठेवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत अशी बसली, जणू तिला सुळावरच द्यायचंय.

"वहिनी, तुम्हीच द्या बाई. तुमचा हात हलका. तुम्हाला तर दुखत पण नाही."

"तुझे दादा देतील की," मी म्हटलं. हे दारात उभे होते. "लक्ष ठेवायला त्यांना आवडतं."

"तुमचं काय चाललंय ते नंतर. आधी तुम्ही घ्या तुमचं. मला बघू दे कसं दुखत नाही ते. मग धीर येईल."

माझाही तोच वार. मी पेन काढलं, सुई फिरवून बसवली, टोपण काढलं, ब्लाउज वर घेतला आणि नळी पोटाला टेकवली.

"थांबा," ठमी म्हणाली. "टोपण काढा की."

"हे काय काढलंय."

"ते मोठं. आतलं काढा."

"आतलं कुठलं?"

"वहिनी, ते हातात धरलंय ते टोपण आहे."

"टोपण नाही गं, ती सुईच आहे. ह्यात सुई दिसत नाही."

ठमी उठली. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, दोन बोटांनी ती नळी धरली आणि ओढली. नळी अलगद निघाली. आत केसाएवढी, चकचकीत, उघडी सुई.

"दिसतीये आता?" ठमी म्हणाली.

मी जन्मभर सुया बघितल्या आहेत, पण कुठल्या सुईला बघून मला खाली बसावं लागलं नव्हतं. बसले.

"म्हणजे इतके दिवस वहिनी तुम्ही…" ठमीला हसू आवरेना. "तीन-चार महिने पोटावर औषध शिंपडताय तुम्ही. दुखत नाही म्हणे. कसं दुखेल? पोटाला कळलंच नाही हो." ती टेबलाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी.

आणि हेही हसले. सुटल्यासारखे, मोठ्यानं. "अगं, म्हणजे टोपणच… आणि आपण म्हणतोय…"

"मी खाल्लं नव्हतं," मी म्हटलं.

"हो गं, पण बघ ना, एवढंसं टोपण…"

"मी खाल्लं नव्हतं."

ठमी हसायची थांबली. तिनं दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर कपाटाकडे. तिथलं कुलूप तिला आत्ता दिसलं. "हे कुणी लावलं?" तिनं विचारलं.

ह्यांनी खिशातून चावी काढली, कुलूप काढलं, कुलूप खिशात टाकलं आणि कप धुवायला घेतले. नळ पूर्ण सोडला. आमच्या घरी चाव्यांचं यंत्र नाही, पण नळ आहे.

कुलूप काढणं म्हणजे बोलणं नव्हे. इतके दिवस मी घरात चोर होते. त्या दुपारपासून मूर्ख झाले. सुधारणा म्हणायची तर एवढीच की मूर्खाला निदान कुणी चहा करून देतं. ते चहा करून देत होते, रोज, बिनसाखरेचा, अगदी वेळेवर. ते एक वाक्य तेवढं म्हणत नव्हते.

सिस्टरना फोन करून सगळं सांगितलं. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "मावशी, आता ते वाढवलेल्या मात्रेचं घेऊ नका हं. शरीराला सवयच नाही. पुन्हा लहान मात्रेपासून, पहिल्यापासून." मग हळूच, "दुकानात वेगळं पेन देतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो." त्यांनी बोलावून घेतलं, समोर बसवून घ्यायला लावलं. चिमटा बसला. त्या पँटवाल्या गृहस्थांची मी मनातल्या मनात माफी मागितली. समोर मागणार नाही.

चौथ्या दिवशी मला कळलं की हे औषध खरं असलं की काय करतं. ह्यांच्या यंत्राच्या तेलाचा वास, नव्या कापडाचा वास, गिऱ्हाइकाच्या अत्तराचा वास, सगळं थेट घशात. एका बाईंची कंबर आत घेताना तोंडात टाचण्या होत्या आणि पोटातून उमासा आला. टाचण्या तळहातावर काढल्या आणि मागच्या दारानं पळाले. परत आले तर त्या बाई आरशात बघत म्हणाल्या, "तुमचं पण चालू झालं वाटतं. छान. आता बघा."

काय बघा? लोकांनी वर्षापूर्वी सुरू केलेल्या गोष्टीला मी आत्ता सुरुवात करत होते, तीही ओकत. दोन घास खाल्ले की पोट म्हणायचं पुरे. ज्या बाईला न खाल्लेल्या बिस्किटांबद्दल कुलूप लावलं होतं, तिला आता खा म्हणून आर्जवं चालली होती. "थोडं तरी खा गं." "नको." "निदान दोन घास." मी त्यांच्याकडे नुसतं बघायचे. मग ते स्वतःचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे, वास येऊ नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"असं झालं होय. होतं, होतं. बऱ्याच जणांचं होतं." त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं. "चला, कारण सापडलं. इन्सुलिनचं मग बघू, आत्ता नको. मळमळ कमी होत जाईल, थोडं थोडं खा, तेलकट टाळा." मग ह्यांच्याकडे वळून हसत म्हणाले, "काका, आता तरी नीट लक्ष ठेवा ह्यांच्यावर."

मी पर्सची चेन लावत होते. ह्यांचे हात गुडघ्यावरच होते. मान मात्र डोलली नाही.

"लक्ष मी ठेवलं होतं, डॉक्टर," ते म्हणाले. "हिच्या तोंडावर ठेवलं. हाताकडे बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सुईचं टोपण कळायला मला काय वेळ लागतो? ही सांगत होती, खात नाही. ती खरं सांगत होती. इथे बसून सांगितलं तिनं, तुमच्यासमोर. तुम्हीही ऐकलं नाहीत आणि मीही नाही."

डॉक्टर "हो, म्हणजे, ते…" म्हणाले आणि संगणकाकडे वळले. तिथे त्यांना काहीतरी लिहायचं निघालं.

एवढं ऐकण्यासाठी मी जीव टाकत होते, तर ऐकल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, कुठेतरी आत, मळमळीच्या खाली. वर मात्र संतापच आला. रस्त्यावर आल्यावर मी बस थांब्याच्या बाकावर बसले, कारण उभं राहवेना. ते पर्स धरून शेजारी उभे राहिले.

"हे मला सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय?"

"जे त्यांना सांगितलंत."

"तुला सांगितलं असतं तर तू आठवडाभर बोलली असतीस."

"वर्षभर."

"तेच म्हणतो."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका मुलीनं कानातलं गाणं बंद केलं असावं. ती आमच्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होती.

"आता म्हणा," मी म्हटलं. "मला."

"इथे?"

"इथे. मला उठवत नाहीये."

त्यांनी पर्स ह्या हातातून त्या हातात घेतली. खोकले. "तू खाल्लं नव्हतंस," ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही, समोरच्या खांबाकडे बघून. "मी उगाच ते… माझं चुकलं." आणि नेमकी तेव्हाच बस आली, मोठ्ठा उसासा टाकत थांबली आणि शेवटचे दोन शब्द तिच्या आवाजात गेले. गेले म्हणजे, मला ऐकू आले होते.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

ती मुलगी बसमध्ये चढली. बसचं दार बंद झालं, बस गेली. ह्यांनी एकदा गेलेल्या बसकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पर्स मांडीवर घेऊन ते बाकावर माझ्या शेजारी बसले.